गाडी जपून चालवते, तरी विम्याच्या अ‍ॅपवर 71 गुण. अ‍ॅप ठेवू की काढू?

रात्रपाळी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मागच्या रिन्यूअलला विमा कंपनीच्या माणसाने गळ घातली, की आमचं अ‍ॅप फोनवर टाका, ते तुमचं ड्रायव्हिंग बघेल आणि चांगलं असलं तर पुढच्या वर्षी हप्ता कमी होईल. नुसतं नाव नोंदवल्याचे 5 टक्के तिथल्या तिथे सुटले. मला वाटलं, आपल्याला कसली भीती? सोळा वर्षं गाडी चालवते, एकही क्लेम नाही, दंडाची पावती नाही. शेजारी बसणाऱ्याला झोप लागते अशी माझी गाडी. टाकलं अ‍ॅप.

आज दहा महिने झाले. माझे गुण 100 पैकी 71. माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीत आहे. त्याच्या गाडीत मी वरचं हँडल धरून बसते. त्याला 88. घरात काय थट्टा चालली असेल ते तुम्हीच समजा.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. ड्युटी सुटते कधी रात्री साडेअकराला, कधी दीडला. ऑन-कॉल असले तर पहाटे तीनलाही फोन येतो, आणि आला की निघावंच लागतं. घर ते रक्तपेढी सात किलोमीटर. बाकी फारसं फिरणं नाही. आमच्या कामात पिशवीवरचा एक आकडा चुकला तर काय होऊ शकतं हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात, त्यामुळे सगळं लिहून ठेवायची सवय. म्हणून दोन आठवडे डॅशबोर्डवर वही ठेवली आणि घरी पोचले की त्या ट्रिपमध्ये काय काय झालं ते टिपलं. सकाळी अ‍ॅपशी ताडून बघायचं.

अ‍ॅपने त्या दोन आठवड्यांत नऊ ‘जोराचे ब्रेक’ धरले. त्यातले चार एकाच जागी. तिथे उजवं वळण संपतं आणि लगेच गतिरोधक आहे. वळणाआधी तो दिसत नाही, आणि रात्री त्यावरचे पांढरे पट्टेही दिसत नाहीत. मला तो पाठ आहे, तरी ब्रेक तिथेच मारावा लागतो. दोन वेळा मी गाडीत एकटी होते आणि ब्रेक मारल्याचं मला आठवतही नाही. एकदा मी गाडीतच नव्हते, बसमध्ये उभी होते. अ‍ॅपला वाटलं मीच चालवतेय. त्याला दर वेळी उघडून सांगावं लागतं की बाबा, मी प्रवासी होते. न सांगितलं तर बसच्या ड्रायव्हरचं पाप माझ्या खात्यावर.

आणि आता तो प्रसंग, ज्यामुळे हा धागा काढला. मंगळवारी रात्री पावणेबाराला परत येत होते. रस्ता मोकळा, काटा 48-50 वर. डाव्या गल्लीतून एक सायकलवाला सरळ माझ्यासमोर आला. दिवा नाही, अंगात गडद कपडे, वर बघणंही नाही. मी पाय पूर्ण दाबला. एबीएसची ती घरघर पायाला लागली, पट्ट्याने खांदा धरला. शेजारच्या सीटवर ठेवलेला फोन पुढे उडाला, कप्प्याच्या झाकणावर आपटला आणि खाली पायदानात गेला. गाडी थांबली तेव्हा सायकलचं मागचं चाक आणि माझा बंपर यांत हातभर अंतर असेल. तो गेला निघून. मी दोन मिनिटं बाजूला थांबले, कारण पाय थरथरत होता.

सकाळी अ‍ॅप उघडलं तर नकाशावर त्याच जागी दोन लाल ठिपके. पहिला ‘जोराचा ब्रेक’. दुसरा ‘गाडी चालवताना फोन हाताळला’. खाली सल्ला: पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवा. पुढे वाहनच नव्हतं! त्या एका ट्रिपने गुण 74 वरून 71 वर आले.

रिन्यूअल सहा आठवड्यांवर आहे. हे काय मोजतात, कसं मोजतात, 71 वर हप्ता वाढूही शकतो का, आणि हा सगळा डेटा आणखी कुणाकडे जातो? कुणी आतलं माणूस असेल तर कृपया सांगा. ‘अ‍ॅप वाईट, काढून टाका’ एवढंच नको, ते भाऊ रोज सांगतो.

---

तीनचाकी

अ‍ॅप वाईट. काढून टाका.

(भावाशी सहमत.)

---

सेन्सरवाला

ताई, मी काही वर्षं मालवाहू गाड्यांच्या ट्रॅकिंगच्या कामात होतो. तुमच्या कंपनीचा हिशेब मला माहीत नाही, पण फोन काय बघू शकतो आणि काय नाही ते सांगतो.

फोनमध्ये वेग बदलल्याचं कळणारा एक सेन्सर असतो, गोल फिरल्याचं कळणारा दुसरा, आणि जीपीएस. पहिल्या सेन्सरला ‘गाडी’ नावाची वस्तू माहीतच नसते. त्याला कळतं ते फोनचं हलणं. फोन कुठल्या तोंडाने ठेवलाय हे आधी गुरुत्वाकर्षणावरून ओळखायचं, मग गाडीची दिशा जीपीएसवरून काढायची, आणि त्यावरून ठरवायचं की हा झटका पुढे-मागे होता, आडवा होता की वर-खाली. फोन स्टँडमध्ये घट्ट असेल तर हे गणित बरं जमतं. सीटवर, पर्समध्ये, कप ठेवायच्या खाचेत असेल तर फोन स्वतःच घरंगळतो आणि गणित बोंबलतं. तुम्हाला आठवत नाहीत ते दोन ब्रेक बहुधा त्यातले. गतिरोधकावरचा उभा झटका तिरक्या पडलेल्या फोनला पुढे-मागे वाटू शकतो. बरं अ‍ॅप जीपीएसचा वेग ताडून बघतं आणि वेग तेवढा उतरला नसेल तर नोंद टाकून देतं. सगळीच एवढे कष्ट घेत नाहीत.

‘फोन हाताळला’ हे तर सरळ अंदाजपंचे. स्क्रीन उघडी आहे का आणि फोन गाडी वळत नसताना गरगर फिरतोय का, एवढ्यावरून ठरवतात. तुमचा फोन उडून पायदानात गेला म्हणजे हवेत दोन कोलांट्या मारल्या. त्याच्या दृष्टीने कुणीतरी उचलला.

आता ब्रेकबद्दल, कारण तिथे खरी गोम आहे. जोराचा ब्रेक म्हणजे किती, याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. अमेरिकेतली प्रोग्रेसिव्ह ही कंपनी आपला आकडा उघड सांगते: एका सेकंदात वेग 7 मैल प्रतितास किंवा त्याहून जास्त उतरला की जोराचा ब्रेक. म्हणजे सेकंदाला सव्वाअकरा किलोमीटर. तुमच्या 50 च्या वेगाला हे लावून बघू. या मर्यादेच्या आत राहून थांबायचं तर साधारण साडेचार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी 31 मीटर पुढे जाते. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असताना पूर्ण दाबलेला ब्रेक गाडीला दोन सेकंदांच्या आत, 12-13 मीटरमध्ये थांबवतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर दोन्हीकडे यात धरलेलं नाही. सायकलवाला त्या 12 आणि 31 च्या मधे कुठेतरी होता. गुण वाचवणारा ब्रेक मारला असता तर तो राहिला नसता.

मग असला आकडा ठेवतात तरी का? कारण एकेका ब्रेकला अर्थ नसतो. हजारो चालकांचा मिळून बघितला तर वारंवार कचकन थांबणारे लोक पुढच्या गाडीला चिकटून चालवणारे किंवा लक्ष नसणारे निघतात आणि त्यांचे क्लेम जास्त येतात. कळपासाठी हे खरं आहे. तुमच्या मंगळवारसाठी खोटं आहे. त्या सेन्सरला कारण दिसत नाही.

आणि अजून एक, जे कुणी सांगत नाही: भागाकार. बहुतेक ठिकाणी ब्रेकची संख्या किलोमीटरने भागतात. तुम्ही दोन आठवड्यांत दीड-दोनशे किलोमीटर चालवत असाल, तेही सगळे गल्ल्या आणि गतिरोधकांचे. तुमचा भाऊ हायवेवर जातो का? एका सकाळी तीनशे किलोमीटर सलग, ब्रेकला पाय नाही. त्याचे पाच वाईट ब्रेक त्या तीनशेत विरघळून जातात.

फोन आज स्टँडमध्ये लावा. गुण थोडे तरी चढतील, पैजेवर सांगतो.

---

रात्रपाळी

भाऊ दर शनिवारी हायवेने जातो-येतो. आत्ता कळलं.

स्टँड घेतला. 31 आणि 12 मीटर वाचून परत पाय थरथरला.

---

लेकाची आई

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. मुलगा एकोणीसचा, लायसन्स नवं. त्याच्या वयाला हप्ता इतका होता की गाडीपेक्षा विमाच महाग असं आम्ही म्हणायचो. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये डोंगल (ड्रायव्हिंग नोंदवणारं छोटं खोकं) लावायच्या अटीवर बराच खाली आला, आणि वर्षभराने आणखी उतरला. नवख्या पोराकडे आपण बरे आहोत हे दाखवायला दुसरं काय असतं? त्याचा इतिहासच कोरा. अशांना हे खोकं वकिलासारखं उपयोगी पडतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण एक किस्सा सांगते. पहिल्याच महिन्यात मी शेजारी बसले होते. पुढे सिग्नल पिवळा झाला. थांबायला जागा होती, पण ब्रेक जरा दाबून मारावा लागला असता. साहेबांनी गाडी तशीच काढली. मी ओरडले, तर म्हणतो कसा, “आई, ब्रेक मारला असता तर बीप झालं असतं.” त्या डोंगलमधून जोराच्या ब्रेकला बीप येतो ना, त्याची त्याने धास्तीच घेतली होती. त्या दिवशी घरी येऊन आमचं ठरलं, की बीप आला तर आला, हप्त्याचे जास्तीचे पैसे मी भरीन, पण पिवळ्याला थांबायचं. त्यानंतर तो सिग्नलच्या बराच आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायला शिकला. म्हणजे शेवटी चांगलीच सवय लागली, पण ती बीपने लावली की मी ओरडल्याने, कोण जाणे.

---

जुना सर्व्हेअर

बेटा रात्रपाळी, मी मोटार क्लेममध्ये तीस वर्षं काढली. चेपलेल्या गाड्या बघणं हेच काम. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची गरज उरलेली नाही.

पहिली गोष्ट. या सगळ्याला लोक एकच नाव देतात, पण यात दोन निरनिराळे सौदे आहेत. एक, किती चालवता त्यावर हप्ता. दोन, कशी चालवता त्यावर. पहिला मला साफ पटतो. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1968 मध्येच लिहिलं होतं की वर्षाचा हप्ता एकदम घेतल्यामुळे जास्त फिरणाऱ्याला जास्तीच्या धोक्याची किंमत जाणवतच नाही. विमा टायरबरोबर किंवा इंधनाबरोबर विकला तर ती जाणवेल. टायर झिजला की विमाही झिजला! त्यांना पुढे 1996 चं नोबेल मिळालं, दुसऱ्या कामासाठी. तेव्हा मोजायचं यंत्र नव्हतं. ते आल्यावर 1998 च्या सुमारास प्रोग्रेसिव्हने टेक्सासमध्ये जीपीएस लावून असा प्रयोग केला. कॅलिफोर्नियात तर 1988 च्या जनमतापासून कायदाच आहे, की हप्ता ठरवताना आधी चालकाचा अपघात-दंडाचा इतिहास, मग वर्षाचे किलोमीटर, मग अनुभवाची वर्षं बघायची. ब्रेक-बिक तिथे हप्त्यात येत नाही.

दुसऱ्या सौद्याला जोर आला तो युरोपात. तरुण मुलींना मुलांपेक्षा हप्ता कमी असायचा. युरोपीय न्यायालयाने 1 मार्च 2011 ला ठरवलं की बाई-पुरुष बघून हप्ता लावायचा नाही, आणि 21 डिसेंबर 2012 पासून ते लागू झालं. मुलींचे हप्ते वाढायची वेळ आली, आणि ‘मी बरी चालवते’ हे दाखवायचा मार्ग म्हणून ब्रिटनमध्ये हे काळे खोके तरुणांत पसरले. लेकाच्या आईचं म्हणणं त्याच परंपरेतलं आहे, आणि चूक नाही. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये दोन्ही सौदे विकायला मोकळीक दिली, पण ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाला जोड म्हणून. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, दर तिथे सरकार ठरवतं, त्याला गुणांचा हात लागत नाही.

आता तुझी रात्र. पुष्कळ अ‍ॅप रात्री उशिराच्या ट्रिपांचे गुण वेगळे कापतात. तुला राग येतोय आणि तो रास्त आहे, पण रात्रीची भीती विमावाल्यांनी मनाने काढलेली नाही. मध्यरात्र ते पहाट या वेळेत रस्त्यावर गाड्या कमी असतात, पण दर किलोमीटरला जिवावरचे अपघात दिवसापेक्षा जास्त होतात. झोप, दारू, मोकळा रस्ता बघून वाढलेला वेग, आणि तुझ्या सायकलवाल्यासारखे न दिसणारे लोक. मी बघितलेल्या सगळ्यात वाईट गाड्या पहाटे दोन ते चारच्या होत्या. अडचण एवढीच, की त्या तासांत दारू पिऊन परतणारा आणि रक्ताची पिशवी द्यायला निघालेली तू, दोघांना एकच रंग लागतो. तू कितीही उत्तम चालवलंस तरी ते गुण तुला परत मिळणार नाहीत, कारण ते चालवण्याचे नाहीतच. ते ड्युटीच्या तक्त्याचे आहेत.

हप्ता वाढू शकतो का? हे करारात शोध. काही ठिकाणी फक्त सूट मिळते, वाईटात वाईट म्हणजे सूट शून्य. काही ठिकाणी अधिभारही लावतात. ‘तुमचा हप्ता तुमच्या ड्रायव्हिंगनुसार’ असं वाक्य असेल तर सावध, कारण ते दोन्हीकडे वळतं. ‘सूट देण्यासाठी’ असं असेल तर बरं. फोनवर विचारू नकोस, ईमेलवर विचार, म्हणजे उत्तर हातात राहतं.

क्लेमच्या वेळी हा डेटा काय करतो तेही ऐक. एक पोरगा सिग्नलला उभा होता, मागून व्हॅनने ठोकलं. व्हॅनवाला म्हणाला, पोराने रिव्हर्स घेतला. साक्षीदार नाही. पोराच्या खोक्यात नोंद होती: वेग शून्य, सलग अकरा सेकंद, मग मागून धक्का. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. उलटही पाहिलंय. एका गृहस्थांची गाडी म्हणे रात्रभर पार्किंगमध्ये होती आणि सकाळी चेपलेली सापडली. खोक्यात रात्री एकची चौदा किलोमीटरची ट्रिप होती. खोकं कुणाचंच नसतं, हे लक्षात ठेव.

आणि याची गाडीतल्या अपघात-नोंदणी यंत्राशी गल्लत करू नका. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ते सक्तीचं आहे. ते धडकेच्या आधीचे पाच सेकंद आणि धडकेचा क्षण एवढंच साठवतं. रोज कुठे गेलात, कधी ब्रेक मारला, हे त्यात नसतं आणि ते कुणाला पाठवतही नाही.

---

तीनचाकी

काका, रोज कुठे गेलात ते पाठवणारीच यंत्रं आता गाडीत येतात, त्याचं काय? अ‍ॅप निदान ताईंनी स्वतः टाकलं. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं, एका माणसाचा हप्ता अचानक 21 टक्के वाढला. त्याने माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःची फाइल मागवली तर 258 पानं आली. सहा महिन्यांतल्या 640 ट्रिपा, प्रत्येकीची सुरुवात, शेवट, अंतर, वेग, ब्रेक. त्याने कुठलंच विमा अ‍ॅप घेतलं नव्हतं. त्याच्या जनरल मोटर्सच्या गाडीतूनच ते गेलं होतं. मग जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सवर कारवाई जाहीर केली: पाच वर्षं असला डेटा अशा कंपन्यांना द्यायचा नाही. आयोगाचं म्हणणं होतं की काही गाड्यांची जागा दर तीन सेकंदांनी टिपली जात होती.

आणि लेकाच्या आईंच्या डोंगलबद्दल. 2015 मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी असल्याच एका विमा-डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे वायपर सुरू करून दाखवले. मग हळू वेगात ब्रेकही. गाडीच्या मज्जातंतूंत सिमकार्ड खोचल्यासारखं आहे ते.

म्हणून दोन शब्दांत लिहिलं होतं. आता दोनशे झाले.

---

सेन्सरवाला

तीनचाकी, ते भोक नंतर बुजवलं. पण मुद्दा मान्य. डोंगलचं एक बरं असतं, की वेग थेट गाडीतून येतो, फोनच्या कोलांट्या नाहीत आणि बस-रिक्षाचा घोळ नाही. पण गाडी कोण चालवतंय हे त्यालाही कळत नाही. ताईंची गाडी भावाने एक आठवडा नेली तर 60 वर येतील.

---

जुना सर्व्हेअर

अजून एक, कारण उद्या कुणीतरी विचारेल. अ‍ॅप काढायचं ठरवलंस तर नुसतं फोनवरून पुसू नकोस. पुष्कळ करारांत अ‍ॅप बंद पडलं की ‘डेटा मिळाला नाही’ म्हणून दिलेली सूट परत घेतात. आधी लेखी कळव, संमती मागे घेतल्याची पोच घे, आणि त्याच ईमेलमध्ये आजवरचा सगळा डेटा माग.

---

रात्रपाळी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. अपडेट देते.

स्टँडमध्ये फोन लावल्यावर जोराचे ब्रेक तीन आठवड्यांत चार. त्या आधी दोनच आठवड्यांत नऊ होते! ‘फोन हाताळला’ शून्य. गुण 71 वरून 78. सेन्सरवाले पैज जिंकले. वळणानंतरचा गतिरोधक मात्र अजून माझे गुण खातो. आता मी वळणाआधीच तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येते. ते मी पूर्वीच करायला हवं होतं, हे इथे कबूल करते, भावाला सांगणार नाही.

कंपनीला चार प्रश्न ईमेल केले. आठ दिवस काही नाही, मग एक फोन आला. मी म्हटलं, ईमेलवर द्या. पलीकडची मुलगी बिचारी म्हणाली, “मॅडम, असं सगळं लिहून कुणी मागत नाही.” शेवटी लिहून आलं. हप्ता वाढत नाही, पण 75 च्या खाली नावनोंदणीची 5 टक्के सूटही जाते. रात्री 12 ते पहाटे 4 या वेळेचे गुण वेगळे कापतात आणि त्यात नोकरीची सवलत नाही. माझे जास्तीत जास्त किती होऊ शकतात असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर टाळलं, पण ट्रिपा दिवसा-रात्रीच्या वेगळ्या करून मी वहीत हिशेब मांडला, तर एकही ब्रेक न मारता साधारण 86 च्या वर जाणं मला शक्य दिसत नाही. भाऊ 88 वर बसलाय.

काकांनी सांगितलेला पहिला सौदा याच कंपनीत निघाला. त्याची जाहिरातच नाही. वर्षाचे किलोमीटर आधी ठरवायचे, सुरुवातीला आणि शेवटी ओडोमीटरचा फोटो पाठवायचा, बस. माझं वर्षाचं चालवणं सहा हजारांच्या आत आहे, त्यामुळे त्यात सूट अ‍ॅपपेक्षा जास्त बसते. गाडी रात्री एकला चालली की दुपारी एकला, ओडोमीटरला काय पडलंय? काल पार्किंगमध्ये उभी राहून फोटो काढला. काचेत माझंच डोकं आलं म्हणून दोनदा काढावा लागला.

संमती मागे घेतल्याची पोच आली. डेटाही आला, एक मोठी एक्सेल फाइल. त्यात मंगळवारची ती ट्रिप शोधली. 23:44 ची ओळ. वेग 49, पुढच्या ओळीत 22, मग 0. तेवढंच.

पण त्याच फाइलमधली एक शंका राहिली आहे. दहा महिन्यांत मी 31 ट्रिपा अ‍ॅपमध्ये ‘प्रवासी’ करून घेतल्या होत्या. त्या सगळ्या फाइलमध्ये आहेत आणि त्यांच्यापुढेही जोराचे ब्रेक मोजलेले आहेत, म्हणजे बसच्या ड्रायव्हरचे. ते माझ्या गुणांत धरले होते की नाही, हे कुठल्या रकान्यावरून कळतं? सेन्सरवाले, आहात का?

---

सेन्सरवाला

आहे. रकान्यांची नावं तेवढी इथे टाका, आकडे नकोत. आणि ठिकाणांचे रकाने असतील तर फाइल कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा.